भरदुपारी माग थांबला

चहा घ्या आधी, मग सांगतो. आमच्या नातीची, सुमाची, इंग्रजी शिकवायच्या नोकरीसाठी मोबाईलवर मुलाखत होती. घरात पॉवरलूमचा खडखडाट, म्हणून मी भरदुपारी, साडी निम्मी झालेली असताना, माग बंद केला.

आठ दिवस पोरगी एकच घोकत होती. काम होऊन गेलं असेल तर 'हॅव डन', कधीपासून चालूच असेल तर 'हॅव बीन डूइंग'. मुलाखत घेणाऱ्या शाळेच्या मॅडमनी नेमकं तेच विचारलं, पण उदाहरण घरातलं मागितलं, असं सुमानं मला नंतर सांगितलं. सुमा उदाहरण शोधत घरभर बघायला लागली.

तेवढ्यात शेजारची तारक्का धावत आत आली. मागं आणखी दोघी, डोक्यावर पदर घेऊन.

"आप्पा, माग का बंद? कोण गेलं व्हय?"

आमच्या वडगावात चालत्या वेळेला माग थांबला की माणसं दुखवट्यालाच येतात.

"कोण न्हाय गेलं," मी हळू म्हणालो. "सुमाची मुलाखत चाललीया."

"मग आधी सांगायचं की! जेवण टाकून आले मी."

सुमानं तारक्काकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि धडाधड इंग्रजी बोलली. मग मला कळावं म्हणून मराठीत म्हणाली, "शेजारणी आल्यात, हे झालं. आज्जा चाळीस वर्षं विणत आलेत, हे अजून चालूच हाय."

फोनवर आमचं सगळं बोलणं ऐकलेल्या मॅडम मराठीतच म्हणाल्या, "सुमा, सोमवारी शाळेत ये. आणि आजोबा, माग चालू करा, नाहीतर सगळी गल्ली येईल."

मी माग चालू केला, तेव्हा कुठं दारात जमलेली माणसं घरी गेली.