सहीच्या वरचं कोरं पान

मी मूळची हदगावकडची. बाप दुसऱ्याच्या रानात सालगडी, आम्ही पाच बहिणी. माझी शाळा चौथीत सुटली, म्हणजे मी सोडली न्हाई, गावात शाळाच चौथीपर्यंत होती. लग्न होऊन हिकडं नायगावच्या बाजूला आले. नवरा गवंडी. मग त्यानं थापी धरायची आन मी माल उचलायचा, अशी वीस वर्सं बिगारी केली. विष्णुपुरीकडं कॉलेजच्या पोरांसाठी होस्टेलं बांधली, डोक्यावर नऊ नऊ विटा घेऊन जिने चढले. म्हणून पुस्तक मला अडत अडत वाचता येतंय, पण भिंत सरळ वाचता येती. नुसतं बघून सांगते, विटा किती, शिमिट किती आन नुसती वाळू किती.

तर शाळेचं. माझी धाकटी पूजा तवा सहावीत होती. पोरगी सकाळपास्नं पाण्याचा थेंब घ्यायची न्हाई, उन्हाळ्यातबी न्हाई. का गं म्हणलं तर म्हणली, आई, शाळेतल्या संडासाला दार न्हाई, पोरं हसतेत. पुढं तिला लघवीची आग सुरू झाली. दवाखान्यात नेली तर डॉक्टरीणबाई माझ्यावरच खेकसल्या, लेकराला पाणी पाजत न्हाईस का म्हणून. काय सांगू तुम्हाला, मला डॉक्टरीणबाईचा राग आला. ज्यांचा यायला पायजे होता त्यांचा आलाच न्हाई, एवढी मी शहाणी.

त्याच साली मला शाळेच्या समितीची अध्यक्ष केली. अध्यक्ष पालकातलाच लागतो. हेडमास्तर म्हणले, चंद्रकलाबाई लई कष्टाळू हायत. कष्टाळू माणूस तोंड उघडत न्हाई, असा त्यांचा अभ्यास होता.

आता आमच्याकडची रीत ऐका. समितीची बैठक म्हणून कधी व्हायचीच न्हाई. झेंडावंदनाला सगळे जमायचे, भाषणं व्हायची, भाषणात आम्ही देशाचा कणा असायचो, मग जिलेबी वाटायची आन जिलेबीच्या मागोमाग वही फिरायची. हेडमास्तर म्हणायचे, ताई, हितं खाली सही करा, हजेरी हाय. वरचं पान कोरं. आम्ही बाया पाकाच्या बोटानं सह्या करायचो. मला तर आपल्या सहीचं लई कवतिक, चांगली ठळक करायचे.

मग एक दिवस शाळेत मांडव पडला. कशाचा, तर मुलींच्या नव्या संडासाचा. जिल्ह्याचे मोठे साहेब आले, दाराला फीत, बाजूला नारळ. संडासाला हार घातलेला मी जल्मात पहिल्यांदा बघितला. पाटी अशी केवढी, दारापेक्षा मोठी. मलाबी शाल दिली. मी शाल घेऊन आत गेले, भिंतीवर बोटं वाजवली आन माझं टाळकं सरकलं. भिंत जुनीच. वर नवा रंग, पुढं चार फरश्या, दार पत्र्याचं, तेबी कडीशिवाय. आत नळ होता पण त्याला पाणी कुठनं यावं, टाकीच न्हाई.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तरला बिल मागितलं. ते हसले. म्हणले, ताई, तुमचीच तर सही हाय की. वही उघडून पुढं धरली. वर सुंदर अक्षरात लिहिलेलं, बांधकाम नवीन झालं, तीन हजार विटा लागल्या, समितीनं तपासलं, समाधानकारक हाय, पैसे द्यावेत. आन त्याच्या खाली माझी ठळक सही. बाजूला जिलेबीचा डाग. माझ्या लेकीचं पाणी मीच तोडलं होतं म्हणा की. ते वाचून मी शरमेनं रडले न्हाई, रागानं रडले.

नवरा म्हणला, गप ऱ्हा, ज्यानं ह्ये काम घेतलं तोच ठेकेदार मला काम देतो. मी म्हणलं, देऊ नको म्हणावं.

ग्रामसभेत पंधरा बाया घेऊन गेले. इंजिनियर साहेब म्हणले, बाई, हे तांत्रिक हाय, तुम्हाला कळायचं न्हाई. मी म्हणलं, साहेब, तीन हजार विटा म्हणजे डोक्यावर तीनशेच्या वर खेपा. ज्या बाईच्या मानेला तेवढी कळ आली तिला हितं उभी करा, मी घरी जाते. मग सगळ्यांना शाळेत नेलं आन खुरप्यानं रंग खरडला. खालनं जुनी अक्षरं निघाली, जेवणाआधी हात धुवा. माझी थोरली लेक त्याच भिंतीवर वाचायला शिकली होती. नव्या भिंतीवर जुनी अक्षरं कशी, हे तेवढं तांत्रिक सांगा म्हणलं साहेबांना.

चौकशी लागली. हेडमास्तरची बदली झाली, शिक्षा म्हणून त्याच्या सासुरवाडीजवळ. ठेकेदारानं मुकाट टाकी बसवली, कडी बसवली. नवऱ्याला मात्र गावात काम न्हाई, रोज नांदेडला कामाला जातोय.

आता आमची रीत बदलली. आधी पूर्ण वाचून दाखवायचं, मग शेवटच्या अक्षरापास्नं सहीच्या जागेपर्यंत मी तिरपी रेघ मारते, मधी कुणी काय घुसडू नये म्हणून, मगच सही. बिलं फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायची. पोषण आहाराचा तांदूळ गिरणीवाली सखूबाई तोलून घेती, गणवेशाचं कापड शिलाईवाली ओढून बघती, भिंतीचं मी बघते. ज्याला जे कळतंय ते त्यानं बघावं, त्याला कुठलं शिबिर लागतंय?

तरी लबाडी संपली असं लिहू नका. परवाच नव्या झाडूंचं बिल आलं, झाडू जुने. परत पाठवलं.

पूजा आता नववीत हाय, नायगावला जाती. घरनं निघताना तांब्याभर पाणी पिऊन जाती, मी बघत उभी राहते.

मागच्या महिन्यात त्याच मोठ्या साहेबांचा निरोप आला, तुमची समिती आदर्श हाय, सत्कार करू. मी म्हणलं, शाल एक हाय घरात, पुरती. पण आईच्या तोंडानं आशीर्वाद तेवढा देते. साहेब, तुम्हाला लेकी होवोत, नाती होवोत, आन त्यांची नावं आमच्याच शाळेत घालायची बुद्धी देव तुम्हाला देवो.