लेकीच्या खाटेसाठी आरा मशीन

नाही, मला सांगा, मूल पलंगावरून पडतंय म्हटल्यावर माणूस आधी उशा लावेल की घरात दातेरी मशीन आणेल? तुम्हाला सांगते, आमच्या ह्यांनी मशीन आणलं. दारंखिडक्या बनवतात ना, म्हणाले, "लेकीची खाट विकतची? लोक काय म्हणतील? आपल्या पडलेल्या झाडाचा ओंडका आहे की, फळ्या काढतो, कठड्याची खाट करतो." ओंडका एकच, वाकडा कापला गेला की संपलं. आणि लेक आठ महिन्यांची, एव्हाना दोनदा पडलेली. तरी मी एक शब्द बोलले नाही. फक्त एवढंच म्हटलं की बोटं जातील, डोळा जाईल, शेजारी भांडतील, बाकी तुमची मर्जी.

मग काय, पुढच्या खोलीत मशीन. वर एक चाक, खाली एक चाक, दोघांवरून फिरणारं पट्ट्यासारखं पातं. हे आत हात घालायचे तेव्हा मी एका कडेवर लेक आणि दुसऱ्या हातात भिंतीतून उपसलेली मशीनची पिन घेऊन उभी. पिन कुणाला देणार? विश्वास कुणावर ठेवायचा? हात बाहेर आला की बोटं मोजायची, दहा भरली की श्वास सोडायचा.

सासरे खुर्चीत, जन्मभर लाकूड कापलेले. नखानं पातं छेडायचे नि कान लावायचे. "ढिलं आहे. ताण." ह्यांनी ताणलं. "एवढं नाही रे, तुटेल." सैल केलं. "आता काय झोपाळा करतोस का?" असे चार दिवस. मी एक शब्द बोलले नाही... म्हणजे सासूबाईंशी बोलले, पण ते वेगळं.

पाचव्या दिवशी टाकाऊ लाकडावर चालवून बघितलं. लाकूड कापायचं सोडून उड्या मारायला लागलं, वर धूर. हे म्हणाले, "बोथट पातं गळ्यात मारलं त्या दुकानदारानं, येतोच जाऊन." चपला घातल्यासुद्धा. मी दारातून बघतेय तर पातं धावतं खाली आणि दातांची टोकं सगळी वर. आता लेकीचं झबलं मी रोज उलटं-सुलटं करते, मला कळायला कितीसा वेळ? म्हटलं, "अहो, पातं उलटं घातलंय. झबलं उलटवतात तसं उलटवा."

ह्यांनी चपला काढल्या. सासरे म्हणाले, "मी मघापासून तेच म्हणतोय."

उलटवलं. आता कापलं, पण फळी एका टोकाला जाड नि दुसऱ्या टोकाला पापुद्रा. हे रडकुंडीला, की लाकूड टेकवून सरकवायची आडपट्टी तर काटकोनात लावलीय. सासरे म्हणाले, "काटकोन राहू दे. मोकळ्या हातानं कापून बघ, पातं कुठे ओढतंय ते बघ, आणि पट्टी त्याच्या कलानं तिरकी लाव." सासूबाई आतून म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं दुसरं काय करतेय?"

मग खरा ओंडका. तो गोल, लोळतो, म्हणून त्याला फळीवर स्क्रूनं जखडला. म्हणजे बघा, मुलगी लोळते म्हणून खाट, खाटेला ओंडका, आणि ओंडका लोळतो म्हणून त्याला वेगळी फळी. मी डोळे मिटले. उघडले तर फळ्या अशा सरळ की सासरे खुर्चीतून उठले. एक शब्द बोलले नाही मी, नुसती हसत सुटले, मला बघून लेक हसली, ती हसली म्हणून हे डोळे पुसायला लागले, म्हणे भुसा गेला.

खाट झाली, कठडा झाला, घासून गुळगुळीत. पण या सगळ्यात गेले तीन महिने. लेकीला आत ठेवली, ती उभी राहिली, कठड्यावर पाय टाकला आणि बाहेर.

आता आम्ही तिघं जमिनीवर गादी टाकून झोपतो. आणि मशीनची जास्तीची पाती लेकीच्या हाताला लागू नयेत म्हणून खाट माळ्यावर चढवून तिच्यात ठेवलीत. मजबूत आहे हो खाट. तिच्यातून अजून एकही पातं खाली पडलेलं नाही.