हिरव्या पानातला रोग

मी मूळची वडूजकडची, कोरडवाहू मुलखातली, लगीन होऊन पाचगणीच्या डोंगरात आले तवा स्ट्रॉबेरी म्हंजी काय ते ठावं न्हवतं. मालक लवकर गेलं. थोरल्या दिरांनी, आबा म्हनायची मी त्यास्नी, घरातच ठिवून घेतलं, भैनीवानी सांभाळलं. मग सरकारी रोपवाटिकेत कामाला लागले, तितं साहेबांनी पानाचं कलम शिकवलं.

काय सांगू तुमास्नी, स्ट्रॉबेरीला विषाणूचा रोग लागतो, त्यो डोळ्याला दिसतच न्हाई. झाड हिरवंगार, फळबी देतंय. मग त्याचं एक पान घ्यायचं, देठ पाचरीवानी तासायचा, रानटी स्ट्रॉबेरीच्या देठात बसवून पट्टी बांधायची. रोग असला तर महिन्याभरात रानटीची नवी पानं वाकडी, पिवळ्या ठिपक्यांची येत्यात. माजा हात लय हलका, माजं कलम कवा मरायचं न्हाई.

एकदा आबांच्याच वावरातली पानं तपासायला आली. निम्म्या गावाला रोपं आबांकडनंच जायाची. महिन्यानं बघते तर पाच कुंड्या, पाची वाकड्या. घरी येऊन सांगितलं तवा आबा जेवत व्हतं, हात थांबला. म्हनलं, साहेबाला कळलं तर समदं उपटून जाळत्याल. मग ताट सारलं आन म्हनलं, हौसा, मी तुला कवा काय मागितलंय का?

न्हाई मागितलं कवा. दुसऱ्या दिशी मी त्या कुंड्या फेकल्या, त्यांच्या जागी चांगल्या ठिवल्या, चिठ्ठ्या बदलल्या. साहेबांनी निरोगी म्हनून लिवलं, न बघता, माज्यावर इस्वास म्हनून.

रोपं गावभर गेली. मावा कीड एका झाडावरनं दुसऱ्यावर रोग नेती, मला ठावं व्हतं, तरीबी. पुढल्या साली पानं आखडली, फळ बोराएवढं, त्येबी आंबट. शेजारची तानूबाई, माज्यावानीच एकली, बांधावर बसून म्हनली, तू तितं काम करतीस, तुला काय उमगलं न्हाई व्हय गं? मी न्हाई म्हनले.

तिनं वावर टाकलं, पोरीस्नी घिऊन कुपवाडला कारखान्यात गेली. ती गेली तवा मला ऱ्हावलं न्हाई, साहेबांपुढं जाऊन समदं बोलले. साहेब वरडलं न्हाईत, चष्मा पुसत बसलं, म्हनलं, हौसाबाई, त्या कागदावर सही माझी आहे.

काम सुटलं. गावची झाडं उपटून जाळली, आबांनी आपल्या वावराला सोताच काडी लावली, पन त्या दिसापास्नं माज्याशी बोललं न्हाईत, एका घरात असून. गेल्या साली वारलं, तवर न्हाईत.

आता दुसऱ्याच्या वावरात गाजरं खुरपते. गावानं नवी रोपं आनल्यात, बरी येत्यात म्हनं. येऊ द्यात, समद्यांची बरी येऊ द्यात. अजून कुनी कुनी पान घिऊन येतं, हौसामावशी, बघ की म्हनतं. मी हातात घेत न्हाई.