डाव्या बाजूचा खडखडाट

गाडी घेतली त्या दिवशी, वाशिमच्या शोरूममधून निघताना, उजवीकडं वळाचं म्हणून मी दिवा लावाले गेलो अन् सुरू झाला वायपर. कोरड्या ठाक उन्हात काचीवर वायपर फरफर करून राह्यला, बंद कसा कराचा ते सापडेना, मांगं लोकायचे हॉर्न, अन् बाजूच्या सीटवर माह्यी बायको शोभा डोळ्यात पाणी येईपर्यंत हासून राह्यली. ते हासणं मी ध्यानात ठेवलं. ठेवाले नव्हतं पाह्यजे.

मी मूळचा मेडशीचा, सुताराचा पोरगा. बाप बैलबंड्या दुरुस्त करे. बंडी नजरंत याच्या आधी, नुसता आवाज ऐकून सांगे, डाव्या चाकाचा आरा ढिल्ला हाय. बंडीत कोण बसलं हे त्यानं कधी इचारलं नाही. मी शिकलो, वाशिमले हायस्कूलात क्लार्क झालो, अन् बापाचे कान काही माह्यापर्यंत आले नाही.

तं चारेक महिन्यानं गाडी खड्ड्यातून गेली का पुढून खड् असा आवाज येऊ लागला. पयले शोभालेच ऐकू आला. अवो, माह्या पायाखाली काहीतरी वाजून राह्यलं. मी म्हणलो, तुह्या पिशवीतला डब्बा असन. तिनं डब्बा मांडीवर घेतला, तरी वाजे. मंग शोरूमच्या चकरा सुरू झाल्या. पयल्या खेपेले म्हणे आपल्याकडचे रस्तेच खराब. दुसऱ्या खेपेले म्हणे गाडीतून सोयाबीनचे कट्टे नेता काय? अहो, मी क्लार्क माणूस, माह्यापाशी कुठचे कट्टे. तिसऱ्या खेपेले शोभा संगं होती. सुपरवायजरनं गाडीले एक चक्कर मारली, तिच्याकडं पाह्यलं, अन् मले हळूच म्हणे, सर, डाव्या बाजूला लोड जास्त पडत असेल. अन् मी, काय सांगू तुमाले, मी हासलो. तिले ऐकू गेलं का नाही ते मले माहीत नाही. म्हणजे माहीत हाय.

तिथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. मानोऱ्याले साळ्याच्या पोरीचं लगन ठरलं, साक्षगंध होतं, मांडव भरून पाव्हणे, अन् कोणीतरी इचारलं, जवाईबापू, नवी गाडी कशी काय? मले तो वायपर आठवला. मी म्हणलो, गाडी झकास हाय, फक्त तुमची पोरगी डावीकडं बसते ना, कंपनीनं तेवढ्या वजनाचा इचार नव्हता केला. सारा मांडव हासला. शोभा बी हासली, पदर सारखा केला अन् पाव्हण्यायले पाणी द्याले उठली. निंगताना गाडीपाशी आलीच नाही. म्हणे, तुमी व्हा पुढं, मी येष्टीनं येतो. तवापासून कुठी बी जाचं असो, ती येष्टीनं अन् मी मांगून रिकामी गाडी घेऊन.

तीन महिन्यानं कंपनीचा मेसेज आला. मले वाटलं फसवणूक असन, तं फोन बी आला. त्या सालच्या साऱ्या गाड्या वापस बोलावल्या होत्या, पुढच्या चाकाले धरून ठेवणारा लोखंडी आर्म खराब निंघाला म्हणे. शोरूममधी अनसिंगचे एक गुरुजी भांडून राह्यले होते, सहा महिने मले पागल ठरवलं तुमी, आता वरून हासत चहा पाजता. मले बी भांडाचं होतं. पण कोण्या तोंडानं? शोरूमवाल्यायनं तं हळूच म्हणलं होतं, मी मांडवात म्हणलो.

माह्या गाडीचा काढलेला आर्म त्या सुपरवायजरनं दाखवला. एका केसाएवढी भेग, मी मोबाइलात तिचा फोटो काढून घेतला. तुटला असता तं डावं चाक आत मुडपलं असतं, शोभाच्या पायापाशी. मी इचारलं, अन् तो लोड? कोणता लोड, सर?

घरी येऊन शोभाले सारं सांगतलं. ती पोळ्या लाटून राह्यली होती. बरं, म्हणे. जेवाले बसलो तं तिच्या ताटात एकच पोळी. मी म्हणलो, अजून घे ना. तिनं हात आडवा धरला अन् बांगड्या सरकत पार कोपरापाशी गेल्या. साक्षगंधापासून ती एकाच पोळीवर होती. मी समजलो पित्त असन. इचारलं बी नव्हतं.

दुसऱ्या रविवारी तिले म्हणलो, मानोऱ्याले चाल, जिथं बोललो तिथंच सांगाचं हाय. ती आली, पण मांगच्या सीटवर बसली. साळ्याच्या ओट्यावर मी भेगेचा फोटो साऱ्यायले दाखवला, म्हणलो, खोट लोखंडात होती, मी उगाच हिचं नाव घेतलं. साळा म्हणे, भाऊजी, आमी तं इसरलो बी ते. शोभा खाली पाहून राह्यली होती.

येताना मातर पुढं बसली. वाशिमच्या अलीकडं मोठा खड्डा लागला, गाडी गेली, अन् कायचा म्हणून आवाज नाही. मले लय बरं वाटलं. मी म्हणलो, पाह्य, आता वाजते काय? तिनं खिडकीची काच वर केली. मंग म्हणे, पाच किलो कमी झालो ना मी, म्हणून नसन वाजत.