कायझरचं डावं दार

“तोंड मिटलंस की कानही मिट,” सोमवारच्या मौनाबद्दल आई सांगायची. शारजाच्या गॅरेजमध्ये आमच्या गाडीची वाट बघत मी जप करत बसले होते. तोंड तेवढं मिटलेलं होतं. समोर दोन मेकॅनिक चहा पीत होते, वसईहून कालच परतलेले सिरिल आणि त्यांचे जोडीदार सदानंद.

“सिरिलभाई, तुमच्या मागे मी आपल्या मालकाच्या, अरबाबच्या त्या जुन्या अमेरिकन कायझर गाडीचं मागचं डावं दार उघडून दिलं. चार दिवस खपलो.”

“कोणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? हँडल आहे आणि दार उघडत नाही!”

“ते कंपनीनंच बंद केलेलं, सदाभाऊ. आतून स्टेपनी बसते तिथं.”

“मग हँडल कशाला?”

“साधी चार दारांची गाडीच त्यांनी मागून उघडणारी केली, हँडल तसंच राहिलं. एकोणपन्नास-पन्नास सालच्या मॉडेलची ओळखच ते बंद दार. एक्कावन्नला स्टेपनी खाली गेली, दार उघडायला लागलं.”

“म्हणजे आता ही एक्कावन्नची?”

“आता ही कुठल्याच सालची नाही.”

“स्टेपनी जपून ठेवलीये हां मी.”

“अरबाब हॉस्पिटलात आहे. शब्द दिलाय त्याला, गाडी होती तशीच म्युझियमला जाईल. चार वाजता त्यांचा माणूस साल तपासायला येतोय.”

“खलास!... पण उघडतं कसलं, भाई. लोण्यासारखं.”

सिरिल उठून गाडीपाशी गेले. दार एकदा उघडलं, एकदा लावलं.

“खरंच छान झालंय,” ते म्हणाले, आणि वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला.