मिस्त्रींचा अंदाज

(कोर्टातल्या जिन्याखालचं बाकडं.)

मिस्त्री : अहो पण बाई, मी खोटं काय बोललो?

वकीलबाई : खोटं नाही. 'अंदाजानं सांगतो' असं बोललात. हा एक शब्द तेवढा नको, म्हणून पढवून पढवून माझं तोंड दुखलं!

मिस्त्री : चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. दोर ताणायचा तो अंदाजानं, ब्रेक आवळायचा तो अंदाजानं. ज्याला अंदाज नाही, त्याला आमच्यात दोराला हात लावू देत नाहीत.

वकीलबाई : आणि कोर्टात अंदाज म्हणजे अंधारात मारलेला दगड. न्यायाधीशांनी लगेच लिहून घेतलं, 'हा तज्ज्ञ नव्हे.' संपली साक्ष.

मुलगी : खटला माझ्या नवऱ्यावर, आणि बाबा त्यांचे सासरे, म्हणून तर नाही ना?

वकीलबाई : नाही गं. सासरा चालला असता. त्यांचा प्रश्न एकच होता. तुम्हाला कळलं, ते दुसऱ्या कुणाला तपासून बघता येईल का?

मिस्त्री : येईल की! लिफ्ट कोसळली त्या दोराच्या तुटलेल्या टोकावरून बोट फिरवा. झिजलेली तार गुळगुळीत लागते. ही फुटक्या काचेसारखी बोचत होती. जावयानं हयगय केलीच नाही. कंपनीचा दोरच खोटा होता!

वकीलबाई : बोट फिरवायचं कशावरून? दोर कंपनीनं केव्हाच भंगारात घातला.

मिस्त्री : मग त्यांच्या इंजिनियरनं काय बघितलं?

वकीलबाई : फोटो. पण मापं दिली, पद्धत सांगितली. 'दोर झिजला होता, कारागिरानं बदलला नाही.' ते घेतलं कोर्टानं.

मिस्त्री : फोटोला बोट लावून कळतं होय? अरे देवा! लिफ्टमधली दोन माणसं गेली ती गेली, हा तिसरा जिवंतपणी गाडला. आणि तो मी गाडला. हात दाखवून अवलक्षण!

मुलगी : बाबा, नका ना असं बोलू.

मिस्त्री : बोलायचं ते तिथं बोलता आलं नाही, पोरी. आता काय उपयोग.

मुलगी : ताई, खरं सांगा. यांना किती वर्षं होतील?

वकीलबाई : अंदाजे... सात.

मिस्त्री : हा अंदाज कुठला, बाई? कोर्टातला, का आमच्यातला?

वकीलबाई : तुमच्यातला, मिस्त्री.