शाल तीच

मेरिटवर फी माफ करणारं कॉलेज कुठं हाय, हे मला तरी विचारू नका. आमच्या अश्विनीला बारावीला त्र्याण्णव टक्के पडले, तेव्हा आम्ही बापलेक महिनाभर तेच हुडकत फिरलो.

शेवटी एका कॉलेजात प्राचार्यांनी मार्कलिस्ट बघितली आणि खुर्चीतून उठलेच. शाल-नारळ देऊन पोरीचा सत्कार केला, फोटो काढला. मला वाटलं, झालं काम.

"सर, मग फीमाफीचं?"

"यंदाचा कोटा संपला की हो. पण पोरगी लई हुशार हाय तुमची."

शिपायानं पोरीच्या अंगावरची शाल काढून घेतली, घडी घालून कपाटात ठेवली. नारळ तेवढा घेऊन आम्ही घरी आलो.

आठ दिवसांनी एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागला. शाल पांघरलेली आमची अश्विनी, आणि खाली 'शंभर टक्के शिष्यवृत्तीची मानकरी'.

दुसऱ्याच दिवशी माढ्याचा मावसभाऊ पोरीला घेऊन दारात. "दादा, तितं आमच्या पोरीचं पण बघा की."

मी सगळं खरं सांगितलं. अश्विनी समोरच बसली होती, तिनंही सांगितलं. त्यानं चहाचा कप खाली ठेवला. "तुमच्या पोरीचं झालं, आता आमचं कशाला होऊ द्याल तुमी?" म्हणाला आणि तडक गेला.

काल स्टँडवरनं आलो. फ्लेक्सवर आता त्याची पोरगी हाय. शाल तीच.